गाठीमागे एक रुपया

वरळीच्या बीडीडी चाळीत, म्हणजे इंग्रज सरकारने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या चाळीत, माझ्या मामाची खोली होती. त्या खोलीच्या भिंतीत खिळा जायचा नाही. हातोडी मारली की खिळा वाकायचा, नाहीतर उडून कॉटखाली जायचा, आणि भिंतीवर नखाएवढा पांढरा टवका तेवढा दिसायचा. शेवटी मामाने सगळे खिळे दाराच्या लाकडी चौकटीतच ठोकले. कॅलेंडर, विठोबाची तसबीर, छत्री, पिशव्या, गिरणीचा पास ठेवलेलं रेक्झिनचं पाकीट, सगळा संसार एका चौकटीला लटकलेला. ‘भिंत सरकारची आहे, ती आपलं ऐकायची नाही,’ असं मामा म्हणायचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या आणि मामीला टॉवरमध्ये घर मिळालं. मामा ते बघायला उरला नाही. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, तेही मालकी हक्काने आणि पदरचा पैसा न घालता. संडास घरात. नव्या भिंतीत पहिला खिळा एका ठोक्यात आत गेला तेव्हा मामी जरा घाबरलीच.

बीडीडी चाळींचा विषय निघाला की पुण्या-मुंबईत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गेल्या एकदाच्या, बरं झालं. दुसरा गहिवरतो: ती माणुसकी, तो गणपती, ती उघडी दारं. मला दोन्ही सुरांत फारसा रस नाही. पहिल्याला चाळ म्हणजे नुसती अडचण वाटते. दुसरा सूर बहुतेक अशांचा असतो ज्यांनी सकाळी सहाला डबडं घेऊन रांगेत उभं राहण्याचा अनुभव घेतलेला नसतो. माझं म्हणणं वेगळं आहे. या चाळींमध्ये जपण्यासारखी एक गोष्ट होती, ती काँक्रीटची नव्हती, आणि ती आपण चाळी पाडण्याच्या कितीतरी आधीच मोडून टाकली.

त्यासाठी दीडशेहून जास्त वर्षं मागं जावं लागेल.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि दोन वर्षांत ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. त्या पट्ट्याला लोकांनीच ‘गिरणगाव’ म्हणायला सुरुवात केली. पण विलायतेत गिरणीचं गाव म्हणतात तसलं हे गाव नव्हतं. तिकडे मालक गिरणी बांधायचा तेव्हा शेजारी कामगारांची घरं, शाळा, दुकानही बांधायचा. गावाबाहेर, ओढ्याकाठी गिरणी घातली तर माणसं आणून वसवावीच लागायची. मुंबईत त्याची गरज पडली नाही. रत्नागिरीहून बोटीने, साताऱ्याहून गाडीने माणसं आपणहून येत होती. राहायचं कुठं हा त्यांचा प्रश्न होता. मोजक्या गिरण्यांनी आपापल्या चाळी बांधल्या, बाकी सगळं खासगी घरमालकांवर सोडून दिलं. १९११ च्या जनगणनेत मुंबईतली दोनतृतीयांशाहून अधिक माणसं एका खोलीच्या घरात राहत होती.

१८९६ च्या प्लेगने सरकारचे डोळे उघडले. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. मग पहिलं महायुद्ध झालं. कापडाला भाव आला, गिरणीवाल्यांनी नफा ओरपला, घरभाडी चढली, महागाई वाढली आणि १९१९–२० मध्ये लाखालाखाने कामगार संपावर गेले. तेव्हा गव्हर्नर होते जॉर्ज लॉईड. १९२० साली त्यांनी एक नवं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. तेच बीडीडी. त्याने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या, आणि त्याचा खर्च काढायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला.

गाठीमागे एक रुपया. माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा तपशील हा आहे. ज्या धंद्याने माणसं शहरात ओढून आणली, त्याच धंद्याच्या कच्च्या मालावर कर, आणि त्या पैशातून त्या माणसांना भाड्याची घरं. मेहरबानी नाही, लॉटरी नाही. सोपा हिशेब.

याच खात्याकडे दुसरं एक काम होतं, बॅकबेला समुद्र हटवून जमीन काढायचं. त्या कामात इतका घोळ झाला की वकील खुर्शेद नरिमन यांनी खात्याची लक्तरं वेशीवर टांगली. नरिमन पॉइंटला नाव त्यांचं आहे, ही मुंबईने केलेली छान थट्टा. तर त्या भराव टाकलेल्या जमिनीवर पुढे मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. म्हणजे एकच खातं, एकच दशक, एकाच गव्हर्नरची कल्पना. त्यातल्या एका अंगावरच्या इमारती जगाचा ठेवा ठरल्या आणि दुसऱ्या अंगावर जेसीबी चालला. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या जपायच्या असतात, सामायिक संडास पाडायचे असतात, हे उघड आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वारशाच्या यादीत काय बसतं हे कोण ठरवतं, एवढं फक्त यातून कळतं.

आणि बीडीडीचं काम काही फार देखणं नव्हतं. ५० हजार खोल्यांचा बेत होता, झाल्या १६ हजारांवर. २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाइल रोडला, ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या. आपण चाळ म्हटलं की उघडी गॅलरी डोळ्यांसमोर आणतो. बीडीडीत ती नाही. मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. भर दुपारीही बोळात दिवा लागायचा. सुरुवातीला तर खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या बसवल्या होत्या. मोरीवरून भांडणं नेहमीचीच. कुणीतरी खोलीच्या कोपऱ्यात नवी मोरी काढायचा, पाणी झिरपून खालच्याच्या छताला पोपडे यायचे, लोखंडाला गंज चढायचा. या इमारती खिळ्याला दाद देत नव्हत्या, पण आतून कुजत होत्या, आणि त्याला सरकारइतकेच आम्हीही जबाबदार होतो.

कामगारांनाही त्या आधी आवडल्या नाहीत. काही गिरणीपासून लांब होत्या, भाडं परवडत नव्हतं, बाजार नव्हता. खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारने चक्क तुरुंग केला. भाड्यातून बांधकामाचा खर्च भरून निघेल अशी वेळ कधीच आली नाही आणि योजना २०७ वर थांबली. हिशेब तपासणारा कोणीही म्हणेल, फसलेली योजना.

पण मग ती भरली. आणि भरल्यावर तिथे जे झालं ते कुठल्याही नकाशात नव्हतं. गावाच्या मंडळाने एक खोली घ्यायची आणि त्यात तीस-चाळीस माणसांनी राहायचं. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. ट्रंका भिंतीलगत एकावर एक. जेवण खानावळीत, म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. व्यायामशाळा, भजनी मंडळं, कबड्डी, शाहिरी, युनियनच्या सभा, संयुक्त महाराष्ट्राची लढाई, हे सगळं इथलंच. त्यावर बरंच लिहून झालंय.

फार लिहिलं जात नाही ते हे: चाळी जातीपातीच्या पलीकडे नव्हत्या. गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. तीच रेघ इमारतींतूनही ओढलेली होती. कुठल्या चाळीत कोण राहतं हे सगळ्यांना पाठ असायचं. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडीत सवर्ण आणि दलित यांच्यात दंगल पेटली, दगड पडले, माणसं मेली. मामी तेव्हा नवी नवरी. गच्चीवरून काय काय खाली येत होतं हे ती आजही हळू आवाजात सांगते. ‘उघडी दारं’ म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. मामा साचेवाला होता. दोन वर्षं गावाला शेती करून आला आणि अंधेरीच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. खोली होती म्हणून तो मुंबईत टिकला. नाममात्र भाडं, डोक्यावर घरमालक नाही, उद्या काढेल ही भीती नाही. ज्या सहकाऱ्यांच्या खोल्या पगडीच्या, म्हणजे भाडेहक्क विकता येईल अशा, होत्या त्यांनी त्या विकून वसई-डोंबिवली गाठली किंवा गावची वाट धरली. संपात पडलेला माणूस शहरात उभा राहू शकला तो भाड्याच्या सरकारी खोलीमुळे. हा एक हिशेब कुठल्याच ताळेबंदात लिहिलेला नाही. योजना फसली म्हणणाऱ्यांना मी मामाचं उदाहरण देतो.

पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, तरी थोडक्यात. सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ म्हणत होता, एक तृतीयांश जागा पालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दोन-चार शब्द बदलले. वाटणी आता फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतीखालची जमीन हिशेबातून बाहेर. गिरणी म्हणजे इमारतच असते, तेव्हा कामगारांच्या वाट्याला काय उरलं असेल ते कळतंच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज करणारे पावणेदोन लाखांच्या घरात, मिळालेली घरं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. उरलेल्यांना मुंबईपासून कितीतरी लांबचं शेलू आणि वांगणी दाखवलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेली माणसं २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर येऊन बसली.

यात एक गंमत फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही. २००८ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली होती. झोपडीत जाण्यावाचून ज्यांना पर्याय नाही त्यांना स्वस्त भाड्याने घर. त्या घराचं क्षेत्रफळ? १६० चौरस फूट. बीडीडीचा आकडा पंच्याऐंशीएक वर्षांनी जसाच्या तसा परत आला, फक्त संडास आत घेऊन. पण ती घरं भाड्याने गेलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. दोन-दोन जोडून ३२० ची केली आणि मोठा हिस्सा गिरणी कामगारांना सोडतीत मालकीने देऊन टाकला. कामगारांना घर मिळालं याचा आनंदच आहे. त्यांचा हक्क गिरणीच्या जमिनीवर होता, तिथे द्यायला नको होतं म्हणून भाड्याच्या घरांतून भागवलं. एका वंचिताचं देणं दुसऱ्या वंचिताच्या ताटातून दिलं.

मी म्हणतो ती मोडलेली गोष्ट ही. गरिबाला घर म्हणजे मालकीचंच घर, आणि ते मिळणार एक तर लॉटरीत किंवा पुनर्विकासात, हे आता आपल्याला इतकं पटलंय की ‘सरकारने भाड्याची घरं बांधावीत’ असं कोणी म्हटलं तर ते खुळ्यासारखं वाटतं. पण शहरात काल आलेला माणूस पुनर्विकासात पात्र कसा ठरेल? त्याच्याकडे पावती नाही, पुरावा नाही, कटऑफ तारखेआधीचं काहीच नाही. मामा १९६८ ला मुंबईत आला तेव्हा त्याच्याकडे तरी काय होतं? गावच्या खोलीचा पत्ता, एवढंच.

२०२२ मध्ये या वसाहतींना नवी नावं दिली गेली. वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, डिलाइल रोडला राजीव गांधी. तेव्हा सत्तेत असलेल्या तिन्ही पक्षांची वाटणी बरोबर झाली. गिरणीत काम केलेल्या एकाही माणसाचं नाव त्यात नाही. ना. म. जोशी, ज्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि आयुष्यभर कामगारांची बाजू मांडली, ते रस्त्याच्या पाटीवर उरले.

माझी मागणी छोटी आहे. तिन्ही ठिकाणी पुनर्विकास पूर्ण होवो, प्रत्येकाला ५०० फूट मिळोत. शिवडीची जागा पोर्ट ट्रस्टची म्हणून तिथली गाडी अडली आहे, तीही सुटो. पण प्रत्येक वसाहतीत एक इमारत पाडू नका. एक इमारत संग्रहालय म्हणून ठेवण्याची चर्चा मधूनमधून होते. धोतर-टोपी घातलेला पुतळा, स्टोव्ह, पितळेचा तांब्या आणि भिंतीवर फ्रेममध्ये भोंगा, असलं संग्रहालय मला नको. ती इमारत आतून नीट करा, दोन खोल्यांची एक करा, संडास आत घ्या, बोळात उजेड आणा, आणि मग ती सरकारी भाड्याने द्या. पाच-सात वर्षांच्या मुदतीने, शहरात नव्याने आलेल्या माणसांना. परळच्या इस्पितळांतल्या वॉर्डबॉयना, नर्सना, पार्सल पोचवणाऱ्या पोरांना, मॉलमध्ये बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलींना. तळमजल्यावर दोन खोल्या जुन्या होत्या तशा राहू द्या, मोरीसकट. कोणाला बघायचं असेल तर बघतील. वर दिवे लागलेले असतील.

हे अगदीच अघटित नाही. स्कॉटलंडमधलं न्यू लॅनार्क हे सुताच्या गिरणीचं गाव. डेव्हिड डेल यांनी १७८५ च्या सुमारास वसवलेलं, रॉबर्ट ओवेन यांनी नावारूपाला आणलेलं. १९६८ ला गिरणी बंद पडली, गाव ढासळायला लागलं. लोकांनी संस्था काढून घरं एकेक करून दुरुस्त केली. २००१ मध्ये ते जागतिक वारसा झालं. पण आजही त्या जुन्या घरांत माणसं राहतात, त्यातली काही भाड्याने. खिडकीत कुंड्या असतात. अर्थात तिथे जमिनीला वरळीचा भाव नाही, हे मला ठाऊक आहे.

तोच मुख्य आक्षेप. एक इमारत वाचवली की विक्रीच्या टॉवरची तेवढी जागा जाते, आणि त्या विक्रीतूनच तर फुकटची घरं निघतात. खरं आहे. पण वरळीत १२१ पैकी एक. शिवाय टॉवरवाल्या मुंबईनेही आपल्या वाट्याचा रुपया द्यायला काय हरकत आहे? तेव्हा कापसाच्या गाठी होत्या, आज विकल्या जाणाऱ्या चटईक्षेत्राचे चौरस फूट आहेत. गिरणगावात विकल्या गेलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे थोडा कर भाड्याच्या घरांच्या खात्यात टाकला तर एक इमारत काय, दहा सांभाळता येतील. बिल्डर ओरडतील. १९२० साली कापसाचे व्यापारी काही हसत नसतील.

दुसरा आक्षेप, इमारती मोडकळीला आल्यात. सगळ्या सारख्या नाहीत. इंजिनियर तपासून सांगतील त्यातली बरी निवडा. तिसरा मामीचा. मी हे सगळं तिला उत्साहाने सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘एवढं आहे तर तूच राहा की तिथं. बायको-पोरं घेऊन ये. बघू किती दिवस टिकतोस.’ मी म्हटलं, मामी, माझ्यासाठी नाही म्हणत. ‘मग कुणासाठी?’

तिच्या टॉवरखाली रात्रीला जो वॉचमन असतो तो उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा पोरगा आहे. बावीस-तेवीस वर्षांचा. मामी त्याला कधीमधी भाकरी पाठवते. मामाही वॉचमन होता म्हणून असेल. त्याला मी विचारलं, राहतोस कुठे? म्हणाला, धारावीत, पोटमाळ्यावर, नऊ जण आहेत. मग स्वतःच हसून म्हणाला, पण एका वेळेला चारच असतात. त्याची पाळी सकाळी सातला सुटते. तो पोचतो तेव्हा दिवसपाळीचा निघालेला असतो, आणि गादी अजून गरम असते.